छत्रीचा काळा, विजेचा हिरवा

१/
महालातील आमच्या जुन्या वाड्यात आजोबांची सुती काळी छत्री खुंटीला टांगलेली असे. तिच्या घड्यांवर हिरवट झाक चढली होती. ‘छत्री जुनी झाली की हिरवी पडतेच’, एवढेच स्पष्टीकरण घरी मिळे. या हिरवटपणाचा वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकशी जवळचा संबंध आहे. धागा जरा लांब आहे.

२/
कृत्रिम रंग येण्यापूर्वी आपल्याकडील रंगारी हिरडा आणि लोह यांच्या संयोगातून काळा रंग काढीत. १८६३ मध्ये इंग्लंडमधील ॲक्रिंग्टनच्या जॉन लाइटफूटने सुती कापडावर ॲनिलिनपासून काळा रंग छापण्याचे पेटंट घेतले. ॲनिलिन दगडी कोळशाच्या डांबराशी नाते सांगणारे द्रव्य. त्याचे रेणू तंतूमध्येच एकमेकांत गुंफले जाऊन लांब साखळी तयार होते, म्हणून रंग धुतला जात नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा हा रंग जेमतेम चौदा वर्षांचा होता. पुढे छत्रीचे कापड, अस्तरे, मोजे यांसाठी तो सर्रास वापरला गेला. आमची छत्रीही त्याच कुळातील असावी.

३/
पण या काळ्याची एक खोड होती. आम्लाचा किंवा कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त वायूचा स्पर्श झाला की तो हिरवा पडे. साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात धुतला की हिरवा जाऊन मूळ छटा परत येई. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना कंटाळलेल्या रंगाऱ्यांनी बायक्रोमेटची अधिक प्रक्रिया करून ‘न हिरवळणारा काळा’ सिद्ध केला. हिरवा म्हणजे दोष, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि व्यापाराच्या दृष्टीने ती रास्तच होती.

४/
त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ मध्ये, लंडनचे वैद्यक-रसायनज्ञ हेन्री लेथबी यांनी आम्लात विरघळवलेल्या ॲनिलिनमधून विद्युत्प्रवाह सोडला होता. प्लॅटिनमच्या पट्टीवर निळसर-हिरवा थर बसला. त्यांना रस होता तो ॲनिलिनच्या विषबाधेत. विद्युतवाहक बहुवारिकाचा पातळ थर आपल्या पट्टीवर बसला आहे, हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बहुवारिक ही संकल्पनाच रसायनशास्त्रात अद्याप रुजायची होती.

५/
१९१० मध्ये ग्रीन आणि वुडहेड यांनी या साखळीच्या निरनिराळ्या अवस्थांना नावे दिली. हिरव्या रंगाच्या अवस्थेचे नाव पाचूवरून, ‘एमराल्डिन’. (संशोधकाचे आडनावही ग्रीन असावे, हा निव्वळ योगायोग!)

६/
आता लोकप्रिय कथेकडे वळू. ‘जपानमध्ये एका प्रयोगात उत्प्रेरक चुकून हजारपट पडला आणि वीज वाहणारे प्लॅस्टिक सापडले’, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. हे अर्धसत्य आहे. १९६७ मधील त्या चुकीतून हिदेकी शिराकावांच्या हाती आला तो पॉलिॲसिटिलीनचा चकचकीत पापुद्रा. तो धातूसारखा दिसत होता, धातूसारखा वागत नव्हता. वाहकता आली ती सुमारे दहा वर्षांनी. शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी त्या पापुद्र्यात हेतुपुरस्सर ब्रोमीन, आयोडीन यांची वाफ मुरवली आणि वाहकता लाखो पटींनी वाढली. निबंध १९७७ चा, नोबेल २००० चे. तत्पूर्वी १९६३ मध्येच ऑस्ट्रेलियात वाइस आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त पॉलिपायरोलची वाहकता नोंदवली होती. तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ‘अपघाताने शोध’ ही कथा सांगायला सोपी, पण तीत हे सारे लोक गळून पडतात. माझा आक्षेप आहे तो एवढ्याचसाठी.

७/
१९८० च्या दशकात मॅकडायर्मिड पॉलिॲनिलिनकडे, म्हणजे रंगाऱ्यांच्या जुन्या पदार्थाकडे वळले. आम्लातील प्रोटॉन साखळीतील नायट्रोजनला चिकटतो, साखळीवर सरकू शकणारे प्रभार निर्माण होतात आणि विसंवाहक निळा पदार्थ वाहक हिरवा होतो. वाढ अब्जावधी पटींची! अल्कली घातली की प्रोटॉन निघून जातो, वाहकताही जाते. रंगाऱ्यांचा साबण हेच करीत होता.

८/
पुढची अडचण होती एकसंध पापुद्रा ओतण्याची. १९९२ च्या सुमारास हीगर यांच्या गटाने कापरापासून बनणारे सल्फोनिक आम्ल वापरले आणि पॉलिॲनिलिन विरघळू लागले. क्लोरोफॉर्ममधून ओतलेला पापुद्रा मात्र सुमार वाहक निघे. मेटा-क्रेसॉलमधून (जंतुनाशकाच्या उग्र वासातील क्रेसॉलचाच भाऊ) ओतला की वाहकता शेकडो पटींनी वाढे. मॅकडायर्मिड आणि एपस्टाइन यांनी १९९४ मध्ये याला ‘दुय्यम डोपिंग’ म्हटले. आम्ल प्रभार देते. क्रेसॉल नवे प्रभार देत नाही, गुंडाळी झालेल्या साखळ्या उलगडून सरळ करते. विशेष म्हणजे क्रेसॉल बव्हंशी उडून गेल्यावरही साखळ्यांची ती मांडणी टिकून राहते.

९/
छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थितिक वीज साचू नये म्हणून वापरलेल्या पेडॉट-पीएसएस या बहुवारिकाचीही कथा अशीच आहे. २००२ मध्ये त्याच्या द्रावणात डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळताच वाहकता दर सेंटिमीटरला ०.८ वरून ८० सीमेन्सवर, म्हणजे शंभरपट गेली.

१०/
आपल्या नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही पॉलिॲनिलिनच्या संमिश्रांवर संशोधन झाले आहे. या पदार्थाचा एक उपयोग अमोनियाच्या संवेदकात होतो. वायू लागला की हिरव्या थरातील प्रोटॉन निघून जातो आणि विद्युतरोध वाढतो. हवा बदलली की रंग बदलतो, ही रंगाऱ्यांची तक्रार तिथे मोजमापाचे साधन झाली आहे.