हागिया सोफिया : घुमट आणि घाव

कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचे इस्तंबूल. तेथील हागिया सोफियाचा विषय निघाला की आपल्याला १४५३ हे साल आठवते. त्या वर्षी सुलतान दुसरा मेहमेद याने नगर जिंकले आणि या ख्रिस्तमंदिराची मशीद झाली. १९३५ साली तेथे वस्तुसंग्रहालय आले. २०२० पासून ती वास्तू पुन्हा मशीद आहे. परंतु कॅथलिक यात्रिकाने तेथे जाताना आणखी एक साल ध्यानात ठेवावे, असे आम्हांस वाटते. ते साल १२०४.

प्रथम वास्तूकडे पाहू. हागिया सोफिया म्हणजे 'पवित्र ज्ञान'. हे प्रभू ख्रिस्ताचेच अभिधान होय. सम्राट जस्टिनियनने ५३२ मध्ये आरंभिलेले काम ५३७ मध्ये पूर्ण झाले. अँथेमिअस आणि इसिडोर या स्थापतींपुढे कोडे होते : खालची जागा चौकोनी, वरचा घुमट गोल. त्यांनी चार प्रचंड खांबांवर चार कमानी उभारल्या आणि कमानींमधले कोपरे वक्र त्रिकोणांनी भरून काढले. त्या त्रिकोणांच्या माथ्यांचे मिळून वर्तुळ झाले व त्यावर सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट बसला. पायथ्याच्या ४० खिडक्यांतून उजेड आला की तो भिंतींना टेकलेलाच नाही, असा भास होतो. भूकंपाने खिळखिळा झालेला पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला. धाकट्या इसिडोरने तो अधिक उंच बांधून ५६२ पर्यंत पूर्ण केला.

भूकंपाचा घाव असा चार वर्षांत भरला. माणसांनी केलेला घाव मात्र निराळा. चौथ्या धर्मयुद्धाचे सैनिक पवित्र भूमीकडे निघाले होते. कर्ज आणि राजकारण यांनी त्यांना या ख्रिस्ती नगराकडे वळवले. ख्रिस्ती जनांवर शस्त्र धरू नये, ही पोप तिसरे इनोसंट यांची ताकीद त्यांनी मानली नाही. एप्रिल १२०४ मध्ये त्यांनी नगर लुटले. हे मंदिरही सुटले नाही. लुटणारे आपल्याच पंथाचे होते.

२०२४ पासून परदेशी प्रवाशांना वरच्या सज्जातूनच वास्तू पाहावी लागते. तेथे दक्षिणेच्या बाजूस त्या स्वारीचा एक सूत्रधार, व्हेनिसचा एन्रिको दांदोलो, याच्या नावाची शिळा आम्ही पाहिली. जवळच मोझेकचे एक भव्य चित्र आहे : मधोमध प्रभू येशू, दोहों बाजूंस विनवणी करणारी पवित्र मरिया आणि योहान बाप्तिस्ता. १२६१ मध्ये ग्रीकांनी नगर परत घेतले, त्या सुमाराचे ते असावे, असे अभ्यासक मानतात. खालचा बराच भाग गळून गेला आहे. मुखे शाबूत आहेत. शिळा आणि चित्र यांच्यामध्ये उभे राहिल्यावर आमच्या ओठी इतरांविषयी तक्रार आली नाही, क्षमायाचनाच आली.

ती याचना पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ साली अथेन्समध्ये उघडपणे केली. नोव्हेंबर २००४ मध्ये संत ग्रेगरी नाझियान्झेन आणि संत जॉन क्रिसोस्तोम यांचे अवशेष त्यांनी पेत्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्या हाती परत सोपवले. दोघेही संत पूर्वी याच नगराचे धर्माध्यक्ष होते. लुटीनंतर त्या परतीस ८०० वर्षे लागली. ऐक्यासाठी प्रार्थना करणाऱ्या आपण हा हिशेब विसरू नये.