शुद्धी आणि आरोग्य

येलहंक्यासारख्या परमुलखात बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी गृहस्थाचा पोषाख कचेरीत बदलतो, भाषा बाजारात बदलते. ताटातील विधिनिषेध मात्र सहसा बदलत नाहीत. याचे विलक्षण उदाहरण कोकणच्या इतिहासात आढळते.

आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक कित्येक पिढ्या तेल गाळीत आले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची बोली मराठी, आडनावे किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली. हिब्रू धर्मग्रंथ त्यांच्यापाशी उरला नव्हता. परंपरा सांगते की, कोचीनच्या डेव्हिड रहाबीने परीक्षेसाठी त्यांच्या स्त्रियांपुढे नाना जातींची मासळी ठेवली. त्यांनी पर व खवले असलेली तेवढीच निवडून घेतली. ‘लेवीय’ ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातील नियम नेमका हाच होय.

हा नियम आरोग्यासाठी होता काय? बाराव्या शतकातील वैद्य व तत्त्वज्ञ मैमोनिदीस याने निषिद्ध अन्न अपायकारक असते, असे प्रतिपादिले. डुकराच्या मांसातील कृमी माणसाचा प्राण घेतो, हे १८६० साली झेंकरने दाखविल्यावर त्या मतास विज्ञानाचा आधार लाभल्यासारखे वाटले.

परंतु ग्रंथ पुढे वाचावा. अंगावरील चट्टा याजक तपासतो, संशयितास सात दिवस वेगळे ठेवतो. येथवर सारे वैद्यकासारखे आहे. मात्र तो औषध देत नाही. चट्टा पसरून सर्वांग पांढरे झाले, तर तो माणूस शुद्ध ठरतो! घराच्या भिंतीवर डाग दिसल्यास, याजक येण्यापूर्वी सामान बाहेर काढावे, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही, अशी आज्ञा आहे. संसर्गाचे भय असते, तर ही मुभा कोणी दिली असती? प्रेतस्पर्शानेही विटाळ होतो. तरी मृतास मूठमाती देणे हे कर्तव्यच मानिले आहे. अर्थात ही शुद्धता म्हणजे पवित्र स्थानी जाण्याची पात्रता. ती निरोगीपणाची खूण नव्हे.

हा भेद विसरल्याचे फळ कडू निघाले. त्या चट्ट्यास भाषांतरकारांनी ‘कुष्ठ’ म्हटले, आणि धर्मग्रंथातील ‘अशुद्ध’ हा शिक्का खऱ्या कुष्ठरोग्यांच्या कपाळी बसला. १८७३ साली हान्सेनने त्या रोगाचे जंतू शोधून काढल्यावरही तो पुसला गेला नाही.

आपणही सोवळ्याओवळ्याचे समर्थन आरोग्याच्या नावाने करतो. कोकणातील त्या स्त्रियांना असल्या समर्थनाची गरज नव्हती. ग्रंथ हरवला असताही आपण कोण, हे त्यांनी मासळीच्या टोपलीपुढे ओळखले होते. आचाराने माणसास आपली ओळख जरूर द्यावी. दुसऱ्याच्या देहावर डाग लावण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.