अंबाझरीचें पाणी

पाणी उताराकडे धांवतें, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु तेंच पाणी बंद नळांतून कांहीं मैल चालून जातें आणि घराच्या माडीवर चढतें, तेव्हां त्यामागें पदार्थविज्ञानाचा एक नियम असतो. नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास हा त्या नियमाचाच इतिहास होय.

घन पदार्थाला स्वतःचा आकार असतो. द्रव आणि वायु यांना तो नसतो. बाजूनें किंचित् जोर लागतांच त्यांचे थर एकमेकांवरून सरकूं लागतात. म्हणून दोहोंनाही प्रवाही म्हणतात. वायु दाबला म्हणजे आकुंचित होतो, पाणी जवळजवळ होत नाहीं. स्थिर पाण्याचा दाब भांड्याच्या आकारावर नव्हे, तर खोलीवर अवलंबून असतो, हें सायमन स्टेव्हिन या गणितज्ञानें १५८६ सालीं दाखविलें. दहा मीटर खोलीवर हा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलो भरतो. तलाव लहान असो वा विस्तीर्ण, खोली सारखी असेल तर बांधाच्या पायथ्याशीं दाबही सारखाच. बांध माथ्यावर अरुंद व तळाशीं रुंद ठेवतात, तो याच कारणानें.

नागपूरच्या पश्चिमेस अंबाझरी तलाव आहे. भोसल्यांच्या अमदानींतील हा तलाव नगरपालिका स्थापन झाल्यावर, म्हणजे १८६४ नंतर, शहराच्या उपयोगीं आला. १८७० च्या सुमारास त्याचा बांध वाढवून नळाचें पाणी शहरांत आणण्यांत आलें. जमिनीचा उतार पूर्वेकडे, तलाव उंचावर, महालाकडील जुनी वस्ती सखल. म्हणून तेथें पाणी आपल्याच भारानें पोहोंचे. परंतु उंच टेकड्यांवर तें आपण होऊन चढेना, कारण नळांतील पाणी तलावाच्या पातळीपलीकडे जाऊं शकत नाहीं. शिवाय वाहतांना नळाच्या भिंतींशीं घर्षण होऊन दाब घटतो, म्हणून शेवटच्या टोकाच्या घरीं धार बारीक पडते.

पुढें लोकसंख्या वाढली, तशी गोरेवाड्याच्या तलावाची व १९४० च्या सुमारास कन्हान नदीची जोड मिळाली. कन्हानचें पाणी सखल पात्रांतून यंत्रांनीं उपसून चढवावें लागलें. आज पेंच प्रकल्पाचें पाणीही शहराला मिळतें. पूर्वी जें काम उतार फुकट करी, त्यासाठीं आतां वीज खर्चावी लागते.

याच नियमाची दुसरी बाजू २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दिसली. कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडून वाहूं लागली, आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून प्राणहानि झाली. नदीच्या छेदाचें क्षेत्रफळ आणि प्रवाहाचा वेग यांचा गुणाकार म्हणजे वाहून जाणारें पाणी. पात्र अरुंद झालें आणि वेग तितका वाढला नाहीं, तर मागील पाणी तुंबून पातळी चढते, आणि चढलेलें पाणी नजीकची सखल जागा शोधतें. ती जागा मोकळी आहे कीं तेथें घरें आहेत, हें त्याला ठाऊक नसतें.

अंबाझरीचें पाणी ज्या उतारानें महालांत पोहोंचलें, त्याच उतारानें तें त्या पहाटे घरांत शिरलें. नियम बदलला नव्हता. मधल्या दीडशें वर्षांत नदीकाठ बदलला होता. पुराला जितकी वाट लागते तितकी नदीला मोकळी ठेवणें, एवढेंच माणसाच्या हातीं आहे.