गेट्सहेडच्या देवदूताची वाटचाल

कोळसा आणि जहाजबांधणी बसल्यावर इंग्लंडच्या ईशान्येकडील गेट्सहेडची रया गेली. तरीही 1980 च्या दशकात तिथल्या नगर परिषदेने सार्वजनिक जागी शिल्पे उभारायचे मनावर घेतले. ए-1 महामार्गालगतच्या टेकाडावर, जिथे पूर्वी खाणकामगारांची स्नानगृहे होती, तिथे काहीतरी भव्य उभारायचे ठरले. 1994 साली शिल्पकार अँटनी गॉर्मली यांची निवड झाली.

मग विरोध पेटला. खर्च उधळपट्टीचा आहे, चालकांचे लक्ष उडेल, घरातल्या टीव्हीचे चित्र बिघडेल, असे आक्षेप आले. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. परिषद ठाम राहिली, आणि या संस्थेचे खरे मोठेपण मला तिथेच दिसते. सुमारे 8 लाख पौंडांतला मोठा वाटा राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून मिळाला. जवळच्या हार्टलपूलमध्ये पोलाद घडवले गेले आणि फेब्रुवारी 1998 मध्ये 'एंजल ऑफ द नॉर्थ' हा पंख पसरलेला देवदूत उभा राहिला: उंची 20 मीटर, पंखांचा पसारा 54 मीटर, वजन 200 टन. टेकाडावरचा वारा जबरदस्त, म्हणून पायाचे काँक्रीटचे खांब खोल खडकापर्यंत नेले आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात शेजारच्या न्यूकासल शहराच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांनी त्याच्यावर आपला खेळाडू ॲलन शिअररची भलीमोठी जर्सी चढवली. लोकांनी त्याला आपला मानला, तो असा.

पायथ्याशी आलात की धावत्या गाडीतून न दिसणारे दिसते. अंगावर उभ्या बरगड्या आहेत. तांब्याचा अंश असलेल्या पोलादावर धरलेला तपकिरी गंज हेच त्याचे संरक्षक कवच. पंख किंचित पुढे, साडेतीन अंशांनी कलते आहेत, त्यामुळे समोर उभ्या माणसाला कवेत घेतल्यासारखे वाटते.

इथे तिकीट नाही, फाटक नाही, कुंपण नाही. शेजारीच गाडी लावता येते, तिथून पायथ्यापर्यंत पक्की वाट आहे. व्हीलचेअरवर आलेल्या माणसालाही शिल्पाला हात लावता येतो. जवळच्या झाडीत लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी फुले आणि चिठ्ठ्या बांधून जातात. ही प्रथा कुणी आखली नव्हती.

देवदूतानंतर गेट्सहेडमध्ये 2001 साली टाइन नदीवर मिलेनियम पूल झाला, 2002 मध्ये जुन्या पीठगिरणीत बाल्टिक कलाकेंद्र. देवदूताकडे यायचे तर न्यूकासलहून 21 क्रमांकाची 'एंजल' बस थेट शिल्पाजवळ थांबते. 2017 पासून ब्रिटनच्या स्थानिक बसमध्ये व्हीलचेअरची जागा आणि रॅम्प बंधनकारक आहे, त्यामुळे गाडी नसली तरी कुणाचा खोळंबा होत नाही.