चष्म्याची निवड व नेत्रपरीक्षा

चष्म्याची निवड व नेत्रपरीक्षा : दृष्टिदोषाचे मापन करून त्यास अनुरूप भिंग ठरविण्याच्या पद्धतीचा विकास. चष्मा सु. सातशे वर्षे जुना असला, तरी डोळा मोजून चष्मा देण्याची शास्त्रीय पद्धती एकोणिसाव्या शतकातील आहे. तत्पूर्वीची पाच-साडेपाच शतके ग्राहकालाच स्वतःचा परीक्षक व्हावे लागे.

चष्मा इटलीत सु. १२८६ मध्ये तयार झाला. त्याचा मूळ शोधक अज्ञात आहे. जोर्दानो दा रिव्हाल्तो या धर्मोपदेशकाने १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथील प्रवचनात ही कला वीस वर्षांचीही नसल्याचे सांगितले होते. प्रारंभीची बहिर्गोल भिंगे उतारवयात जवळचे वाचण्यासाठी उपयोगी पडत. पंधराव्या शतकात निकटदृष्टितेसाठी अंतर्गोल भिंगे प्रचारात आली. मिलानच्या ड्यूकने १४६६ मध्ये फ्लॉरेन्सहून वयोमानानुसार वर्गवारी केलेले चष्मे मागविले होते. म्हणजे डोळ्यांऐवजी वय मोजले जाई. इतर लोक फेरीवाल्याच्या पेटीतील चष्मे एकामागून एक लावून पाहत व ज्यातून बरे दिसे तो घेत.

भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा मागोवा पुण्याचे संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. विजयानगरच्या व्यासतीर्थांच्या संस्कृत चरित्रातील चष्म्याचा उल्लेख सोळाव्या शतकातील असून चष्मा पोर्तुगीजांमार्फत आला असावा, असे अनुमान आहे. मराठी ‘चष्मा’ हा शब्द मात्र फार्सीतून आला.

वैद्यांचा या वस्तूवर दीर्घकाळ विश्वास नव्हता. जर्मन शल्यचिकित्सक गेओर्ग बार्टिश यांनी १५८३ च्या आपल्या नेत्ररोगविषयक ग्रंथात चष्म्याला विरोध केला. परिणामी चष्मा हा कारागिराच्या अखत्यारीतच राहिला. मालाच्या दर्जावर नियंत्रण होते ते कारागीरसंघांचे. व्हेनिसमध्ये १३०० मध्येच साधी काच स्फटिक म्हणून विकण्यास बंदी झाली होती. लंडनच्या चष्मेकारांच्या संघाला १६२९ मध्ये राजाची सनद मिळाली. मात्र भिंग निर्दोष असले, तरी ते त्या डोळ्यास योग्य आहे की नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राही.

योहानेस केप्लर यांनी १६०४ मध्ये भिंगांचे कार्य उलगडले. बेनितो दासा दे व्हाल्देस यांनी १६२३ मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भिंगांची अंशांनुसार श्रेणी दिली. टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये अबिंदुकतेचे वर्णन केले आणि जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये तिच्यावर दंडगोलीय भिंगाचा उपाय योजला. निर्णायक बदल पुढच्या पिढीत झाला. हेल्महोल्ट्झ यांच्या नेत्रांतर्दर्शकामुळे (१८५१) जिवंत डोळ्याचे दृष्टिपटल पाहता येऊ लागले; स्नेलेन यांचा अक्षरतक्ता १८६२ मध्ये आला व डोंडर्स यांचा दृष्टिदोषांवरील ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्नेलेन पद्धतीत ६/१२ म्हणजे सामान्य डोळ्याला १२ मी.वरून वाचता येणारे अक्षर ६ मी.वरून वाचता येणे. मोनोये यांनी १८७२ मध्ये भिंगशक्तीसाठी डायॉप्टर हे एकक सुचविले. मीटरमध्ये मोजलेल्या केंद्रांतराचा व्यस्तांक म्हणजे ही शक्ती होय, ०·५ मी. केंद्रांतराच्या भिंगाची शक्ती २ डायॉप्टर असते. चष्म्याचा क्रमांक आता कोणत्याही गावी, कोणत्याही दुकानी एकाच अर्थाने वाचता येऊ लागला.

येथून तपासणारा आणि विकणारा वेगळे होऊ शकले. ते एकच असल्यास अनावश्यक चष्मा गळ्यात पडण्याचा धोका असतो. अमेरिकेत १९७८ च्या नियमाने तपासणीनंतर भिंगांची चिठ्ठी ग्राहकाला विनामूल्य देणे बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने या व्यवसायांची नोंदणी व नियमन सुरू झाले. भारतात दृष्टिमापनतज्ञांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्यात झाला.

चष्मा लावून स्पष्ट दिसले म्हणजे डोळा निरोगी आहे, असे मात्र नव्हे. काचबिंदूचा सर्वाधिक आढळणारा प्रकार दीर्घकाळ वेदनेवाचून वाढतो व त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. तो वेळीच ओळखण्यासाठी नेत्रदाब व दृष्टितंत्रिकेचे टोक तपासावे लागते. म्हणून केवळ क्रमांक काढून देणाऱ्या तपासणीपेक्षा डोळ्याच्या अंतर्भागाचीही पाहणी करून लेखी चिठ्ठी हाती देणारी तपासणी अधिक विश्वसनीय ठरते.