अहिराला गाभोळी नसते

मुळशी पेट्यातल्या बायकांना चढणीच्या माशांचं भारी कौतुक. माझी आजी त्यांतलीच. धरणाचं पाणी गावात शिरलं तेव्हा ती परकरी पोर होती. पुढचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं, पण मृग लागला की तिच्या तोंडी गाव यायचं. पहिल्या मोठ्या पावसात ओढे नदीला मिळाले की मासे उलटे फिरत. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात. बाप्ये टेंभे घेऊन निघत, बांधाच्या तोंडाशी बांबूची टोपली लावत. पोरं नुसत्या हातांनी धरत. माद्या अंड्यांनी टचटचलेल्या. त्यात दयामाया कसली नव्हती, गाभोळी तव्यावर परतून खायची म्हणूनच तर भिजायचं. जुन्या माणसांना निसर्गाचे राखणदार ठरवायची आपल्याकडे हल्ली हौस आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या सगळ्यांत एक मासा वेगळा. अहीर. नवख्यानं साप समजून दगड उचलावा असा लांबलचक आणि बुळबुळीत. तो ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या डोहात जातो, असं आजी सांगायची. आणि सांगायची की अहिराच्या पोटात गाभोळी कधी म्हणजे कधी सापडत नाही. मासे साफ करण्यात हयात गेलेल्या बाईचं हे निरीक्षण. मग पिल्लं येतात कुठून? आजोबांचं उत्तर ठरलेलं, चिखलातून. ॲरिस्टॉटलचंही जवळपास हेच मत होतं, हे मला कॉलेजात कळलं.

आजीचं निरीक्षण बिनचूक होतं. अहीर वाढतो नदीत, पण अंडी घालतो खोल समुद्रात, आणि तीही आयुष्यात एकदाच. बोटभर पारदर्शक पिल्लं किनाऱ्याला लागतात आणि नदी चढू लागतात. मुळेतला अहीर म्हणजे बंगालच्या उपसागरातून कृष्णा, भीमा, मुळा-मुठा असा हजार किलोमीटरांहून अधिक चढून आलेला पाहुणा. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा या अहिराला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं होतं. साहेबाला हा मान कितपत रुचला असेल कोण जाणे!

मुळशीच्या धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ चा. बुडालेली गावं, शेतं, सेनापती बापटांचा तुरुंगवास यांची नोंद झाली. माशांची वाट कुणी मोजली नाही, आणि त्या काळी कुणी मोजावी अशी अपेक्षाही नाही. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि पूर्वेकडं जाणारं मुळेचं पाणी सह्याद्रीतून खाली कुंडलिकेत पडू लागलं. पाण्यानं समुद्रच बदलला. आजही भिऱ्याचं पाणी सुटतं त्या वेळेप्रमाणं कोलाडला कुंडलिका चढते आणि उतरते.

अहिराच्या वाटेत, कृष्णेवरचा विजयवाड्याचा जुना बंधारा १८५५ चा. पण बुटक्या, ओलसर भिंतीवरून अहिराची पिल्लं चिकटत चिकटत चढू शकतात. नागार्जुनसागरची भिंत मात्र १२४ मीटर उंच, श्रीशैलमची १४५. शिवाय भीमेवर उजनी. भिंतीखाली पिल्लं थबकतात, गर्दी होते, अन्न पुरत नाही, रोग पसरतो, पक्षी आणि मोठे मासे टिपून खातात. तळातून सोडलेलं पाणी थंड आणि प्राणवायूनं कमी असेल तर उरलेल्यांचे कल्ले दमतात.

परतीची वाट त्याहून वाईट. समुद्राकडं निघालेला अहीर खाणं सोडतो, त्याचं आतडं आक्रसतं, अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास. जलाशयात वाट चुकून महिने गेले की ही शिदोरी संपते. भिंत पार करायची तर बहुधा टर्बाइनमधून. आणि जितका मासा लांब तितकं पात्याखाली येण्याचं भय जास्त.

माझा मामा एका वीजघरात कामाला होता. पाणी बाहेर पडतं तिथं तरंगणारे मासे त्यानं पाहिलेले, डोळे बाहेर आलेले, पोट तोंडावाटे लोंबणारं. गावात म्हणत, वीज काढून घेतली की पाण्यातला कस जातो. कस वगैरे काही जात नाही. खोल पाण्याच्या दाबाला सरावलेला मासा टर्बाइनमधून क्षणात कमी दाबात येतो. पोटातली हवेची पिशवी फुगते, फुटते. पाणबुड्याला वर येताना घाई नडते, तसंच हे.

युरोपनं २००७ मध्ये नियम केला: माणसाचा उपद्रव नसता तर जेवढे अहीर समुद्राला मिळाले असते, त्यांच्या वजनाच्या निदान ४० टक्के तरी मिळाले पाहिजेत. भिंतींवर पिल्लांसाठी कुंचल्यासारख्या ताठ केसांचे ओले उतार बसवतात, टर्बाइनच्या तोंडाशी बारीक जाळ्या लावतात, उतरणीच्या हंगामात रात्री यंत्रं थांबवतात. सव्वाशे-दीडशे मीटरच्या भिंतींपुढं नुसता उतार अपुरा आहे. तिथं पिल्लं पकडून वर न्यावी लागतील, परतणारे अहीर पकडून खाली. खर्चिक काम आहे. तरी जुन्या वीजघरांच्या नूतनीकरणाच्या आराखड्यात या कामाचा एक रकाना असायलाच हवा.

आणि वाचकहो, तुमच्या घरी भीमा, नीरा, कृष्णा, वारणेकाठचं कुणी ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल, तर त्यांना विचारा: शेवटचा अहीर कुठल्या डोहात सापडला, साधारण कोणत्या साली? डोहाचं नाव आणि साल लिहून ठेवा, जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडं नेऊन द्या.