शिवलेलं आलं, नेसलेलं गेलं

कोकणातल्या कोलाडवरून वाहणारी कुंडलिका नदी रोह्याच्या पुढे खाडी होते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. रेवदंड्याला लागूनच चौल. कोलाडच्या माणसांच्या अंगावरच्या कपड्यांची कुळी शोधायची, तर या बंदरात डोकवावं लागतं.

लावणीला उतरलेल्या जुन्या आगरी-कातकरी बायकांचं लुगडं गुडघ्याच्या वर आणि कासोटा घट्ट. चिखलात घोळ सांभाळत बसायला कुणाला वेळ आहे? अंगात चोळी, खांद्यावर आखूड फडकी. पुरुषांकडे पंचा, धोतर, उपरणं. चोळी सोडली तर सगळं नेसायचं, गुंडाळायचं नाहीतर पांघरायचं. कातर लागलेल्या कपड्यांची नावं मात्र बरीचशी परदेशी. सदऱ्यात अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती आहे, पैरण म्हणजे फारसी ‘पैराहन’, सुरवार म्हणजे ‘शलवार’. खमीस अरबी ‘कमीस’वरून आलं आणि त्याचं मूळ थेट लॅटिन ‘कामिसिया’पर्यंत पोचतं.

ही नावं दरबारातून आली, तशी बंदरातूनही आली असणार. इ.स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला. अरब या गावाला सैमूर म्हणत. सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडच्या मुसलमानांची सुमारे दहा हजारांची वस्ती त्याने इथे नोंदवली आहे.

पण व्यापार एकतर्फी नसतो. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. लोकांच्या उघड्या अंगाचं त्याला फार नवल वाटलं. राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला दुसरं, सरदारांच्या खांद्यावर एक, कमरेला एक, राण्यांचंही तसंच. या वस्त्राला तो ‘फोता’ म्हणतो. लुगडं-फडकी किंवा धोतर-उपरणं या जोड्या माहीत असलेल्याला त्याचं वर्णन परकं वाटणार नाही.

फोता म्हणजे अरबी ‘फूता’. तेराव्या शतकातल्या ‘लिसान अल-अरब’ या कोशात त्याचा अर्थ दिला आहे: कमरेला गुंडाळायचं, सिंधहून येणारं आखूड, जाडसर कापड. हेच नाव अरबीबरोबर पश्चिमेला थेट अल्जीरियाच्या डोंगराळ कबिली मुलखापर्यंत गेलं. तिथल्या बायका घोळदार झग्यावरून कमरेला लाल, पिवळ्या, काळ्या पट्ट्यांचं कापड बांधतात, त्याला ‘लफुडा’ म्हणतात. सुरुवातीचा ‘ल’ हा अरबी ‘अल’चा अवशेष. तिथे विजारीला म्हणतात ‘असेरवाल’. म्हणजे आपल्या सुरवारीचीच चुलत बहीण. एकाच फारसी शब्दाची एक शाखा कोकणात उतरली, दुसरी ॲटलस पर्वताच्या रांगांत चढली.

शिवलेल्याची नावं अशी पश्चिमेकडून आपल्याकडे आली आणि नेसायच्या एका कापडाने हिंदुस्थानातून निघून भूमध्य समुद्र गाठला. कबिली बाईने ते शिवलेल्या झग्यावर बांधलं आणि दोन्हींचा मेळ घातला. आपल्याकडे तो मेळ उलट्या बाजूने जमला. सुरवार ‘पंजाबी ड्रेस’मधली सलवार होऊन कोलाडच्या बाजारात पुन्हा आली, आणि हळदीला मिरवणारी नऊवारी आता शिवून मिळते. कासोटा शिंपी आधीच बेतून ठेवतो. पोरीने फक्त पाय घालायचे, सुरवारीत घालतात तसे.